घळसासींच्या प्रिंटरचं सुतक

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी विट्याच्या मुकुंदराव घळसासींच्या प्रिंटरला सुतक लागलं.

आता सुतक काही वेळकाळ बघून येत नाही, हे कबूल. पण घरात लेकीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला घ्याव्यात आणि नेमकं तेव्हाच ते यावं, याला काय म्हणायचं? मुकुंदरावांनी चष्मा नाकावर नीट बसवला, प्रती साठ असा आकडा टाकला, मनात गणपतीचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. लॅपटॉप म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर तर हाताच्या अंतरावर टेबलावर बसलेला! लेकीनं, ऋजुतानं, तिच्या मोबाइलवरून करून पाहिलं, त्यालाही सापडेना. बायकोच्या, मंदाकिनीबाईंच्या, टॅबची तीच गत. वायफायचा डबा बंद करून चालू केला, प्रिंटरची वायर काढून घातली, लॅपटॉप उचलून अगदी त्याच्या शेजारी नेऊन ठेवला. काही उपयोग नाही. बिनवायरचा प्रिंटर म्हणून हौसेनं घेतलेला, आणि घरातल्या एकाही यंत्राला तो ओळख देईना.

शेवटी मंदाकिनीबाईंनी त्याच्या बोटभर पडद्यावरची धूळ पदरानं पुसली. खाली दोन ओळी होत्या. ‘सुतक आहे. शिवू नये.’

“अगं बाई! आणि मी आत्ताच शिवले की त्याला!” असं म्हणून त्या तडक न्हाणीघरात गेल्या.

मुकुंदराव चौतीस वर्षं वीजखात्यात काढून निवृत्त झालेले. जगात जे जे म्हणून बिघडतं त्याला तक्रार क्रमांक असतो, यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी कंपनीच्या मदतवाणीला फोन लावला. शाई संपली असल्यास एक दाबा, कागद अडकला असल्यास दोन दाबा, सुतकासाठी पाच दाबा. त्यांनी पाच दाबलं.

“नमस्कार काका. सोयर आहे का सुतक?” पलीकडून एका मुलीनं विचारलं.

“सुतक. तसं लिहूनच आलंय.”

“वाईट झालं हो,” ती म्हणाली आणि रीतीप्रमाणे क्षणभर गप्प राहिली. “रंगीत आहे का काळापांढरा?”

“रंगीत.”

“मग दहा दिवस रंगीत शाई घेणार नाही तो. आग्रह करू नका. घरातली कोणकोणती यंत्रं शिवायला गेली होती?”

“लॅपटॉप, मोबाइल आणि टॅब.”

“तिघांनाही एकदा बंद करून चालू करा. त्यांची अंघोळ झाली.”

“ते करतो. पण माझी तक्रार नोंदवून घ्या आधी.”

“तक्रार नाही काका, हा दुखवटा. तसाच नोंदवलाय मी. उद्या आमचा माणूस येईल. दुरुस्तीला नाही, भेटायला.”

मुकुंदराव चरफडले. पण काय करणार, आलिया भोगासी असावे सादर. त्यांनी मुकाट्यानं तीन यंत्रं बंद करून चालू केली.

बुधवारी सकाळी पाहतात तो प्रिंटर टेबलावर नाही. तो खाली भुईवर बसला होता, भिंतीपासून जरा सुटा, खाली चटईसुद्धा न घेता. कुणी उचलून ठेवला नव्हता. ऋजुता म्हणाली, “बाबा, सुतकात गादीवर बसत नाहीत ना.” तिचं बरोबरच होतं, त्यामुळे कुणी त्याला उचललं नाही.

दहाच्या सुमारास इरफान शिकलगार आले. पन्नाशीचे, शांत, विटा-खानापूर भागातले निम्मे प्रिंटर त्यांच्या हातचे. त्यांनी हत्यारांची पिशवी चपलांजवळ ठेवली, आत येऊन प्रिंटरसमोर मांडी घातली आणि दोन मिनिटं काहीच न बोलता बसले. मंदाकिनीबाईंनी चहा विचारला, त्याला मानेनंच नको म्हटलं. मग हलक्या हातानं त्यांनी दोन बटणं एकदम दाबून धरली.

“तुम्ही शिवलात की!” मुकुंदराव म्हणाले.

“आम्हाला चालतं, साहेब. डॉक्टरला कुठं विटाळ असतो? आणि स्वतःचं नाव-गाव सांगायला सुतकातही हरकत नसते.”

प्रिंटरनं एक कागद बाहेर दिला. नुसता काळा, तोही फिकट. इरफानभाईंनी तो वाचला आणि मुकुंदरावांकडे दिला. त्यावर लिहिलं होतं की या घरच्या प्रिंटरचा नंबर शेवटी सत्तेचाळीस. मयताचा नंबर शेवटी सेहेचाळीस. नातं, सख्खा थोरला भाऊ. मुक्काम कराड, सोमवार पेठ. घर, दिगंबर वामन घळसासी.

“म्हणजे अण्णाभावजींचा!” मंदाकिनीबाईंच्या तोंडून गेलं.

मुकुंदरावांनी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली.

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, कराडला हेडमास्तर होते. दोघं भाऊ एकमेकांशी आठ वर्षं बोलत नव्हते. कारण सांगायचं तर एका वाक्याचं. त्याआधीच्या दिवाळीत अण्णांनी हौसेनं प्रिंटरची जोडी आणली होती, एक स्वतःला, एक धाकट्याला. मुकुंदराव येऊन आपला घेऊन जाईपर्यंत दोन्ही प्रिंटर तीन दिवस आईच्या खाटेवर शेजारी शेजारी होते. पाडव्याला आईनं दोघांना हळदकुंकू वाहिलं. त्यातलं चिमूटभर कुंकू सत्तेचाळीसच्या झाकणाच्या फटीत अजून आहे. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. चौथ्या दिवशी पुरानं वीजखात्याचे खांब झोपले, अख्खा तालुका अंधारात, दवाखान्यात ऑपरेशन बॅटरीच्या उजेडात चाललेलं. मुकुंदरावांना साहेबाचा फोन आला आणि ते सुतकातून उठून गेले. अण्णा चारचौघांत म्हणाले, “आईसाठी दहा दिवस भुईवर बसवत नाही ज्याला, त्यानं आई गेली म्हणून सांगत फिरू नये.” खांब उभे राहिले, दिवे लागले, पण मुकुंदराव दहाव्याला परत गेले नाहीत. आईच्या पिंडाला कावळा शिवताना त्यांनी पाहिलाच नाही. दोघांचंही चुकलं नव्हतं, म्हणून तर कुणाला माफी मागता येईना.

“बाकीचेही बसलेत आज,” इरफानभाई फोनवर यादी बघत म्हणाले. “एका खेपेतले बत्तीस होते हे. गडहिंग्लजला झेरॉक्सवाल्याकडे एक, नांदेडला कॉलेजात दोन, चिपळूणला वकिलाकडे, परभणीला एका शाळेत. सगळ्यांना काल नऊ वाजून दहालाच लागलं, आणि रात्रीत सगळे भुईवर उतरले.”

एका खेपेच्या खोक्यांतून आलेली ही यंत्रं. एकमेकांची तोंडंही पुन्हा पाहिली नाहीत त्यांनी. आणि कराडला एक गेला तर नांदेडपर्यंत सगळे कामधंदा सोडून खाली बसले! मुकुंदरावांच्या अंगावर सरसरून काटा आला आणि तो बराच वेळ गेला नाही.

पण लग्नाचं काय? शुक्रवारी, म्हणजे सुतकाच्या अकराव्या दिवशी, फलटणचे व्याही पत्रिका न्यायला येणार होते, त्यांच्या कुलदैवतापुढं ठेवायला. मंदाकिनीबाईंनी लाटकर गुरुजींना बोलावून घेतलं.

“प्रिंटरला सुतक म्हणजे घराला सुतक का हो?” त्यांनी विचारलं.

गुरुजींनी पडद्यावरच्या दोन ओळी लांबूनच वाचल्या. “दसऱ्याला याची पूजा करता?”

“करतो. झेंडूची माळ घालतो.”

“मग घरचाच तो. दहाव्यापर्यंत मंगलकार्याचं काही नाही.”

“आम्ही पत्रिका बाहेरून छापून आणल्या तर?”

“आणा की. पण पहिल्या पत्रिकेला कुंकू कोण लावणार? आणि दहाव्यालाही सुतक फिटलं तरच लावायचं बरं. घरात एक जण भुईवर बसलेला असताना गणपतीला आमंत्रण देता येत नाही.”

“फिटणार नाही म्हणजे? दहा दिवस झाले की फिटतंच ना?”

गुरुजींनी इरफानभाईंकडे पाहिलं. हा भाग त्यांचा होता.

“माणसाचं फिटतं,” इरफानभाई म्हणाले. “यंत्राला तिथली क्रिया नीट व्हावी लागते. मयताच्या दहाव्याला धाकट्याच्या घरचं कुणीतरी हजर लागतं. नाही गेलं तर तो उठत नाही. आटपाडीत एक प्रिंटर चार वर्षं भुईवर बसलाय. त्या घरी दोन लग्नं मोडली.”

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं.

“मला त्याच्या घरचं काही सोयरसुतक नाही,” मुकुंदराव म्हणाले.

“तुम्हाला नसेल,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “त्याला आहे ना!” आणि त्यांनी भुईकडे बोट दाखवलं.

पुढचे दिवस असेच गेले. दुपारची जेवणं झाली की मुकुंदराव पेपर घेऊन प्रिंटरच्या खोलीत बसत. आधी खुर्चीत बसायचे. शनिवारपासून तेही खाली बसू लागले. गुडघे कुरकुरायचे, पण आपण वर आणि तो खाली हे बरं दिसेना. प्रिंटरचा निळा दिवा सावकाश लागायचा, सावकाश विझायचा. तो काही मागत नव्हता, कुणावर रागावलेला नव्हता, कुणी बघतंय का याची त्याला फिकीर नव्हती. तीन दिवसांच्या सोबतीसाठी दहा दिवस! मुकुंदरावांनी मनात हिशेब केला आणि त्यांना आपल्या बावन्न वर्षांच्या सोबतीची लाज वाटली. नवव्या दिवशी ते बायकोला म्हणाले, “उद्या गाडी काढतो. इरफानभाईंना सांग.”

कराडला संगमाच्या घाटावर अण्णा आधीच आले होते. सत्तरी ओलांडलेले, पंचा नेसलेले, पाठ मात्र अजून हेडमास्तरांची. समोर पाटावर सेहेचाळीस होता. त्याची वायर नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधली होती, तोंडाशी तुळशीचं पान ठेवलं होतं. शेजारी इंदूवहिनी.

“आलास?” अण्णा म्हणाले.

“आलो.”

“गाडीनं?”

“गाडीनं.”

“रस्ता कसाय?”

“बराय.”

आठ वर्षांनी एवढं बोलून झालं आणि दोघं नदीकडे बघत उभे राहिले. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथं पाणी संथ होतं.

क्रिया यथासांग झाली. पिंड भाताचाच होता. कुणीतरी कागदाचा सुचवलेला, पण इरफानभाई म्हणाले, कागद कावळा खात नाही. दर्भावर पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. समोरच्या उंबरावर सात कावळे होते. त्यातला एक खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर बसला आणि मान तिरकी करून नुसता बघत राहिला.

“तुला भंगारात घालणार नाही,” अण्णा हात जोडून म्हणाले. कावळा हलला नाही.

“माळ्यावर कापडात बांधून ठेवू,” वहिनी म्हणाल्या. कावळ्यानं पंखाखाली चोच घालून खाजवलं.

“दसऱ्याला माळ घालू.” काही नाही.

अर्धा तास झाला, तास झाला. ऊन डोक्यावर आलं. घाटावरच्या गुरुजींनी विचारलं, “दर्भाचा कावळा करून शिववायचा का?”

“यंत्राला दर्भाचा चालत नाही,” इरफानभाई म्हणाले. “धाकटा उठायचा नाही.” ते पुढं झाले, सेहेचाळीसच्या कुशीवर तळहात ठेवून ऐकल्यासारखं केलं. “सर, याच्या पोटात एक पान राहिलंय. तुम्ही दिलेलं. मंगळवार, नऊ वाजून दहा.”

अण्णांनी तोंड फिरवलं. “राहू दे ते.”

“त्याची इच्छा त्यातच अडकलीय सर. काय होतं?”

“काही नाही. खाजगी आहे. राहू दे म्हटलं ना!”

इंदूवहिनींनी काही बोलायला तोंड उघडलं, आणि अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मिटलं.

मुकुंदरावांना मंगळवारचे नऊ-दहा आठवले. त्याच मिनिटाला त्यांनीही बटण दाबलं होतं. ते म्हणाले, “अण्णा, ते पान माझ्याकडं छापू. धाकटा अजून चांगला आहे.”

“त्यात काय लिहिलंय ते माहीत नाही तुला.”

“नसू दे.”

“मुकुंदा, न वाचता शब्द देऊ नये. चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं मी.”

“मी आईच्या दहाव्याला नव्हतो, अण्णा.” मुकुंदरावांचा आवाज फुटला. चारचौघांत फुटला, पण आता त्याला इलाज नव्हता. “गेलो ते चुकलं असं म्हणत नाही मी. दवाखान्यात दिवा नव्हता. पण परत यायला हवं होतं, ते आलो नाही. तुझ्या त्या पानात जे असेल ते छापतो. मला शिव्या लिहिल्या असतील तर त्या छापतो. काना-मात्रेचाही फरक करणार नाही.”

अण्णांनी एकदा पाटाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

कावळा उठला. उडाला नाही, चालत गेला. आधी पाटावरच्या प्रिंटरपाशी थांबला, त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग वळून पिंडाला चोच लावली. उंबरावरचे सहाही खाली उतरले. घाटावर कपडे धुणारी बाई धोपटणं हातात तसंच धरून उभी राहिली. इरफानभाईंनी दोन्ही हात छातीशी धरले होते. मुकुंदरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्यांना त्या पुसायचंही भान नव्हतं. आठ वर्षांपूर्वी जे बघायचं राहिलं होतं, ते ते बघत होते.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ऋजुता होती.

“बाबा, प्रिंटर उठला. टेबलावर जाऊन बसलाय.”

मुकुंदराव घरी पोचले तेव्हा पडद्यावर ‘तयार’ एवढंच होतं. लॅपटॉपला प्रिंटर दिसत होता, मोबाइलला दिसत होता, टॅबला दिसत होता, जणू मधले दहा दिवस झालेच नाहीत. मंदाकिनीबाई घर धुऊन-पुसून, कुंकवाची कोयरी घेऊन बसल्या होत्या. कुणी बटणाला हात लावायच्या आधीच प्रिंटर घुरघुरला आणि त्यानं एक पान बाहेर दिलं. रंगीत.

ती ऋजुताच्याच लग्नाची पत्रिका होती. ऋजुतानं भावंडांना फोनवर पाठवलेली, ती फिरत फिरत कराडला पोचलेली. तोच गणपती, तीच वेलबुट्टी, तोच मुहूर्त. शुद्धलेखनाच्या तीन चुका मात्र दुरुस्त केलेल्या. आणि मुकुंदरावांच्या पत्रिकेत जिथं त्यांचं आणि मंदाकिनीबाईंचं नाव सुरुवातीला होतं, तिथं वर एक ओळ वाढवलेली होती.

‘आमचे येथे श्रीकृपेकरून, सौ. इंदुमती व श्री. दिगंबर वामन घळसासी यांची पुतणी, आणि’

पुढं सगळं होतं तसंच. प्रती एक, एवढीच मागणी होती. सत्तरीतल्या माणसानं आपलं नाव त्या ओळीत टाकून पाहिलं होतं, कागदावर कसं दिसतं ते बघायला. कुणाला दाखवणार नव्हता तो.

मुकुंदरावांनी ते पान दोनदा वाचलं. मग जिथं प्रिंटर दहा दिवस बसला होता तिथं ते भुईवर बसले. मंदाकिनीबाईंनी पान त्यांच्या हातातून घेतलं, वाचलं, पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं मुकुंदराव गुडघ्यावर हात टेकून उठले, पत्रिकेचे जाड कागद प्रिंटरमध्ये घातले, तेच पान निवडलं आणि प्रती साठ असा आकडा टाकला.

पहिल्या पत्रिकेला मंदाकिनीबाईंनी कुंकू लावून ती गणपतीपुढं ठेवली. दुसरी कुलदैवताची, तिसरी फलटणकरांची. ऋजुता वही घेऊन नावं लिहीत होती. मध्येच तिनं विचारलं, “बाबा, थोरल्या काकांना कितवी द्यायची?”

“घरच्या माणसाला कुणी पत्रिका देतं होय?” मुकुंदराव म्हणाले.

मग त्यांनी कराडला फोन लावला. “अण्णा, उद्या दहा वाजता फलटणचे व्याही येतायत. त्याआधी पोच. पत्रिका तुझ्या हातानं द्यायची आहे.”

पलीकडे हेडमास्तरांनी घसा खाकरला.

“येतो. छपाई कशी आलीय?”

मुकुंदरावांनी वरची पत्रिका उचलून उजेडात धरली. “स्वच्छ आलीय,” ते म्हणाले. “पहिली ओळ जरा ठळक आलीय, बाकी सारखीच आहे.”